पाणकराचं शेत शेवटी

आमच्या गावात पाणकर होणं म्हणजे गावभराच्या शिव्या बिनपगारी खाणं. तलावाचं पाणी कोणाच्या धानाला आधी सोडायचं आणि कोणाला थांबवायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. ज्याला पाणी मिळालं तो म्हणतो, माझा हक्कच होता. ज्याला मिळालं नाही तो पाणकराच्या सात पिढ्या काढतो. माझे सासरे भोजराज यांनी हे काम एकतीस वर्षं केलं. त्यांच्याबद्दल मी आज लिहिते आहे, कारण दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मी त्यांना जितकं बोलले तितकं गावातही कोणी बोललं नसेल.

मी जवाहरनगरची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, राहायला क्वार्टर. पाणी म्हणजे सकाळी नळाला येतं ते, एवढंच मला ठाऊक. भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि एकोडीच्या अलीकडे आत वळलं की लागणाऱ्या या धानाच्या गावात लग्न होऊन आले. पहिल्याच वर्षी एकदा पहाटे सासऱ्यांना चहा द्यायला शेतावर गेले, तर हा माणूस धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उकिडवा बसून एका धानाच्या पानाकडे टक लावून पाहत होता.

"मामाजी, काही हरवलं का?" मी विचारलं.

"हरवलं नाही. पाहून राहिलो, रात्री पानी पेलं का नाही."

"कोणी?"

"यानं." त्यांनी धानाकडे बोट केलं.

मला हसू आलं. रक्षाबाई, म्हटलं, बाप कारखान्यात बॉम्ब बनवतो आणि सासरा पानांशी बोलतो, तुझं काही खरं नाही. पण मग त्यांनी मला नीट दाखवलं. दुपारच्या उन्हात धानाचं पान मिटून सुरळी होतं. ते पाहून अख्खा गाव पाणी पाणी करत पाणकराकडे धावतो. दुपारचं पान खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. खरं पान पहाटेचं. जे पान रात्रीतून पुन्हा उघडलं, त्याच्या मुळाशी अजून ओल आहे, ते थांबू शकतं. जे पहाटेही मिटलेलंच राहिलं, त्याच्या मुळाशी काही उरलेलं नाही. शिवाय पानाच्या अगदी टोकावर एक थेंब पाहायचा. दव सगळ्या पानावर पडतं. हा थेंब फक्त टोकावर असतो, कारण तो आतून आलेला असतो. मूळ पीत असलं तरच तो येतो.

हे सगळं मी परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते, फक्त खऱ्या पानावर कधी पाहिलं नव्हतं. पानाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं असतात. हवा आत घ्यायची म्हणून ती दिवसा उघडी, आणि उघडी म्हणून त्यांतून पाणी वाफ होऊन निघून जातं. धान जेवढं पाणी पितं त्यातलं अंगी लागतं ते नावापुरतं. बाकी सगळं वर उडून जातं, पण त्या उडण्याच्या ओढीनंच तर खालचं पाणी वर चढतं. दुपारी उडणं जास्त आणि चढणं कमी झालं की पान अंग चोरून घेतं. रात्री तोंडं मिटतात, मूळ मात्र पीत राहतं, आणि पहाटेपर्यंत दिवसाची तूट भरून निघते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून कोरड्या जमिनीतलं पान पहाटेही उघडत नाही. एवढं सगळं मी मामाजींना मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमच्या कॉलेजालेबी मालूम आहे तं," ते म्हणाले, आणि चहा प्यायले.

आमच्या गावाचे दोन रिवाज सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक म्हणजे, पाणकराचं शेत शेवटी. सगळ्यांचं झाल्यावर त्याची पाळी, म्हणजे कोणी त्याच्या नियतीवर बोट ठेवू शकत नाही. दुसरा रिवाज असा, की धान निसवायला लागलं, पोटातली लोंबी बाहेर पडू लागली, की दुसऱ्याच्या बांधीत पाय टाकायचा नाही. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेला धानाचा तुकडा. बाळंतिणीच्या खोलीत जसं कोणी उगाच घुसत नाही, तसंच हे. चूड, म्हणजे एका जागी रोवलेला धानाचा झुबका, हलली, फूल झडलं, तर दाणा भरत नाही, असं म्हणतात. मामाजींनी एकतीस वर्षं लोकांचं धान धुऱ्यावरूनच पाहिलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या वर्षी गणपती गेले आणि त्यांच्यासोबत पाऊसही गेला. हस्त नक्षत्र कोरडं ठाक. दसऱ्याच्या सुमाराला शिवारातलं धान निसवायला आलं, आणि नेमक्या याच वेळी त्याला पाणी कमी पडून चालत नाही. आधी कमी पडलं तर रोप खुजं राहतं. नंतर कमी पडलं तर दाणा बारीक होतो. पण निसवताना कमी पडलं तर लोंबी पांढरी बाहेर येते, आत तांदूळच नाही. वर्षभराचं जेवण या आठ-दहा दिवसांत ठरतं.

तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, आतून चुन्याची एक पांढरी रेघ आहे. रेघेच्या वरचं पाणी धानाचं, खालचं माशांचं. तुलाराम आणि त्याची माणसं तलावात मासे धरून जगतात. त्यांनी पावसाळ्यात सोडलेलं बीज आता कुठे बोटाएवढं झालं होतं. रेघेच्या खाली पाणी गेलं की चिखल तापतो आणि ती पिलं उलटी तरंगतात. रेघेच्या वर त्या वेळी जेमतेम हातभर पाणी होतं.

चावडीवर बैठक झाली. मामाजी म्हणाले, हे पाणी पाच दिवस पुरेल, सहावा नाही. पहिले दोन दिवस वरच्या अंगाच्या शेतांना. तिसरा केशरबाईला. चौथा धनंजयला. पाचवा पाणकराला, म्हणजे आम्हाला. आमची पाच बांध्यांची तीन एकर, विहीर नाही, बोअर मारलं तेव्हा नुसती धूळ निघाली. तो पाचवा दिवस म्हणजे आमच्या सहा माणसांचा वर्षाचा तांदूळ होता, आणि मी तो मनात बोटांवर मोजत होते.

पहिले दोन दिवस ठरल्याप्रमाणे गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे मी मामाजींसोबत निघाले. आधी केशरबाईच्या शेतावर. केशरबाई साठीच्या पुढची, एकटी, दीड एकर हलकी रेताड जमीन स्वतः कसते. तिची पानं निम्मीशिम्मी उघडलेली होती, कुठे कुठे टोकावर थेंब होता. तिथून आम्ही धनंजयच्या शेतावर गेलो आणि मामाजी जागीच थांबले. पिवळट पडलेलं धान, सगळी पानं सुरळी झालेली, थेंब औषधालाही नाही. धनंजयचं धान दरवर्षी गावात सगळ्यांत दाट आणि हिरवंगार असतं, कारण तो युरिया असा टाकतो की जणू लग्नात अक्षता. आणि आज त्याची ही दशा.

"पाहा भाऊ, मरून राहिलं माह्यं धान," धनंजय म्हणाला. त्याचा आवाज नेहमी मोठा, त्या दिवशी मात्र शेजारच्या धुऱ्यावरही ऐकू गेला नसता.

मामाजींनी धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली. मग म्हणाले, "आज पानी इकडे."

केशरबाई मागोमाग आलीच होती. "आज माया नंबर आहे, भोजराजभाऊ."

"हव, केशरबाई. पन तुयं पान उघडलं आहे. तुयं धान उद्यापर्यंत थांबू शकते. याचं नाही थांबत."

"बैठकीत ठरलं ते ठरलं ना?"

ती माझ्याकडे पाहत होती. बाईमाणूस म्हणून मी तिची बाजू घेईन असं तिला वाटलं असावं. आणि मी काय केलं? पदर खोचून पुढे झाले आणि चारचौघांत तिला म्हणाले, "केशरबाई, पहाटेचं पान खोटं नाही बोलत. विज्ञान आहे ते." ते वाक्य आजही आठवलं की माझे कान गरम होतात.

तुडूम, म्हणजे पाळीतून पाणी सोडायचं दार, उघडलं. पाणी पाटानं धनंजयच्या शेतात उतरलं आणि भेगांमध्ये गडप होत राहिलं. संध्याकाळपर्यंत निम्म्याच बांध्या भिजल्या. आता काय करायचं? मामाजींनी कोरड्या बांध्या मोजल्या. अर्धवट सोडलं तर तेही वाया जाईल, असं म्हणून त्यांनी चौथा दिवसही त्यालाच दिला. पाच दिवसांतले चार गेले. रेघेवर एका दिवसाचं पाणी उरलं, आणि वाट पाहणारी शेतं दोन. केशरबाईचं आणि आमचं.

पाचव्या दिवशी पहाटे मला झोपच नव्हती. आम्ही आधी धनंजयच्या शेतावर गेलो. घोट्याएवढं पाणी प्रत्येक बांधीत उभं होतं. दोन रात्री धानानं पोटभर प्यायला हवं होतं. आणि पानं तशीच मिटलेली. टोकावर थेंब नाही. उलट कालपेक्षा पिवळेपणा पुढे सरकलेला.

"असं होऊच शकत नाही," मी म्हणाले. "मुळाशी पाणी आहे, मामाजी. मग वर का नाही चढत?"

 मामाजींनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि निसवलेल्या धानात, दुसऱ्याच्या बांधीत, पाय टाकला. मी एकदम त्यांचं नाव घेऊन ओरडणार होते, इतकं ते विचित्र वाटलं. पाच पावलं आत जाऊन त्यांनी वाकून एक चूड दोन्ही हातांनी फाकवली. बुडाशी, पाण्याच्या जरा वर, तपकिरी तुडतुडे इतके होते की देठ दिसत नव्हता. हात लागताच ते भुशासारखे पाण्यावर सांडले.

मला तिथेच सगळं कळलं, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. मुळाला पाणी मिळत होतं, पण वर पोचण्याआधी देठाचा सगळा रस किडे पिऊन टाकत होते. धान तहानलेलं नव्हतं, आजारी होतं, आणि दोन्ही वेळा पान तोंड मिटूनच घेतं. तुडतुड्याला दाट धान आवडतं, युरियाचा कोवळेपणा आवडतो, आणि सगळ्यांत जास्त आवडतं ते बुडाशी साचलेलं पाणी. आम्ही दोन दिवसांचं पाणी त्यांच्या घरी नेऊन पोचवलं होतं. धुऱ्यावरून हे दिसत नाही. तिसऱ्या दिवशी एक चूड फाकवली असती तर दिसलं असतं.

धनंजय आला, त्यानं पाहिलं, आणि त्याचा आवाज परत आला. "एकतीस वर्सं पाहून राहिले तुमी! एकतीस! अन् बुडाशी किडा दिसला नाही?"

"नाही दिसला," मामाजी म्हणाले. "मी पान पाहिलं, बूड नाही पाहिलं. माह्यं चुकलं. पानी काढून टाक आत्ताच, अन् फवारनी कर."

"अन् पानकर बदला आता," मागून कोणीतरी म्हणालं.

"बदला. पुढच्या बैठकीत बदला. आज पानी सोडाचं आहे."

धनंजयच्या शेतातून काढलेलं पाणी तरी केशरबाईला जाईल का, असं मी विचारलं. नाही. त्याचा उतार नाल्याकडे, तिचं शेत पाटाच्या पलीकडे चढावर. दोन दिवसांचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत नाल्यात चाललं होतं. आम्ही पुढे गेलो. केशरबाईची पानं त्या पहाटे उघडली नव्हती. मामाजींनी तिची परवानगी मागून दोन-तीन चुडी फाकवून पाहिल्या. किडा नव्हता, ओलही नव्हती. आमच्या शेतात अर्धी पानं उघडलेली, अर्धी मिटलेली, आणि लोंब्या बाहेर पडायला सुरुवात झालेली.

तुडमाशी आलो तर माझा नवरा अमर आधीच तिथे पोचला होता. तुडमाच्या दगडावर तुलाराम आणि मंदाबाई दोघं नवरा-बायको बसून होते, उठायचं नाही असं ठरवून.

"बाबा, केशरबाईलेबी द्या अन् आपल्यालेबी," अमर म्हणाला. "रेघेच्या खाली वीतभर गेलं तं काय होते?"

तुलारामनं अमरकडे पाहिलंच नाही. तो मामाजींना म्हणाला, "भोजराजभाऊ, तुमी म्हनाल तं उठतो मी. तुमच्या शब्दाच्या बाहेर नाही. पन आमच्याबी घरी पोट आहे."

 मंदाबाईनं नवऱ्याचा हात घट्ट धरला होता, तो मी पाहिला.

सगळे मामाजींकडे पाहत होते. मीही पाहत होते, आणि खरं सांगते, माझ्या मनात एकच होतं, की या माणसानं आता रेघ ओलांडावी. मासे मेले तर मरोत.

"उठू नको, तुलाराम," मामाजी म्हणाले. "रेघेवरचं आहे तेवढंच सोडतो. केशरबाईले."

"मामाजी!" मी ओरडले. एवढ्या लोकांत सुनेनं सासऱ्यावर ओरडणं आमच्याकडे बरं दिसत नाही, पण दिसायचं ते दिसो. "आपलं धान निसवून राहिलं! तुमच्या चुकीचा दंड आम्ही काहून भरायचा?"

ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते, तेच मला सहन झालं नाही. "मंग कोनं भराचा, रक्षा? केशरबाईनं?"

मी आणखी चिडले. घरी येऊन भांडी आपटली, जेवले नाही, सासूबाई शकुनबाई समजावायला आल्या तर त्यांनाही तोडून बोलले. तांदळाची चिंता तर होतीच, पण आत खोल दुसरंच टोचत होतं. पहाटेचं पान खोटं बोलत नाही, असं त्या बाईला छाती पुढे काढून सांगणारी मीच होते. मामाजींनी चूक कबूल केली, मी अजून केली नव्हती.

दुपारी मी एकटीच आमच्या शेतावर गेले. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. सगळं शेत मिटून सुयांसारखं उभं होतं. ढगाचं नाव नाही. आता बाहेरून पाणी आणायला जागाच नव्हती. जमिनीत जी थोडी ओल उरली होती तीच, आणि तीन एकरांतली कोट्यवधी तोंडं ती वर ओढून हवेत उडवत होती. दोन-तीन दिवसांत ती संपणार होती. मी तिथे उभी राहून रडले. आणि मग, रडता रडताच, डोक्यात आलं की पाणी वाढवता येत नाही, पण तोंडं कमी करता येतात.

मी धावत घरी आले. मामाजी ओसरीवर बसले होते.

"अर्धं धान कापू या," मी म्हणाले. "एक ओळ ठेवायची, एक कापायची. दोघांचं पाणी एकाला मिळेल. नाहीतर दोन्ही मरतील."

आमची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, त्या वर्षी दोरी लावून झाली होती, म्हणून ओळी सरळ होत्या. एरवी हे सुचूनही उपयोग नव्हता.

शकुनबाईंनी कपाळाला हात लावला. "पोटुशा धानावर इळा? माया जीवानं नाही होत, बापा. वेड लागलं का तुले?"

मामाजींनी मला समोर बसायला सांगितलं. "असं कोनी केलं आहे का?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खोटं कसं सांगू? "पुस्तकात मी हे वाचलं नाही. पण पान किती पाणी उडवते ते वाचलं आहे. चुकलं तर तुम्ही मला बोला."

ते उठले आणि छपराला खोचलेले दोन विळे काढले. "फूल मिटलं असंल आता," एवढंच म्हणाले. धानाचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारी मिटतं. उघड्या फुलात विळा चालवायचा नाही, एवढं त्यांनी त्या घडीलाही पाळलं.

पहिल्या ओळीशी ते वाकले, चूड मुठीत धरली आणि तसेच राहिले. नुकत्याच बाहेर पडलेल्या लोंब्या, हिरव्या, हलक्या, त्यांच्या मनगटावर टेकल्या होत्या. मला वाटलं ते परत फिरतील. मग विळा चालल्याचा आवाज आला. दुसऱ्या चुडीला परत आला. ते रडत होते, आवाज न करता, आणि हात थांबवत नव्हते. सासऱ्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी पुढची ओळ सोडून तिसरी धरली. थोड्या वेळानं अमर आला. सकाळपासून तो बापाशी बोललेला नव्हता. त्यानं विळा घेतला आणि पाचवी ओळ धरली. दिवस बुडेपर्यंत तीन बांध्या झाल्या, उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी दुपारी. कापलेलं हिरवं धान आम्ही गुरांपुढे टाकलं, आणि शकुनबाई ती खात असताना गोठ्याकडे फिरकल्या नाहीत.

गावानं पाहिलं तेव्हा बोलायला तोंड मिळालंच. भोजराजच्या घरी सगळ्याईचीच मती फिरली, असं म्हणाले. त्यानंतरच्या पहाटे शेत तसंच मिटलेलं होतं, आणि कापलेल्या ओळींमुळे ते जास्तच भकास दिसत होतं. मी माझ्या हातानं घरचं अर्धं अन्न कापून गुरांना घातलं आणि उरलेलं अर्धंही वाचवलं नाही, असं मला वाटलं. मामाजी मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच्या पुढच्या पहाटे मी उजाडायच्या आधीच निघाले. मामाजींचं अंथरूण रिकामं होतं, म्हटलं शेतावरच असतील. शेतावर कोणी नव्हतं. मी पहिल्या बांधीच्या धुऱ्यावर उकिडवी बसले आणि खाली वाकून पाहिलं. पान उघडं होतं. सपाट, रुंद, उघडं. पुढचंही. दुसऱ्या बांधीत धावले, तिथेही. खालच्या तीन बांध्या उघडल्या होत्या. वरच्या दोन चढावरच्या, त्या नाही. त्या गेल्या होत्या. पण तीन होत्या! एवढा आनंद मला माझ्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. हे सगळ्यांत आधी ज्यांना सांगायचं ते कुठे गेले, म्हणून मी धुऱ्या-धुऱ्यानं शोधत निघाले.

मामाजी केशरबाईच्या शेतात होते. धुऱ्यावर नाही, आत. धोतर वर खोचलेलं, पोटऱ्यांना चिखल, वाकून एकेक चूड फाकवून बुडाशी पाहत होते. केशरबाई धुऱ्यावर हात कमरेवर ठेवून उभी होती.

"सांग वो तुह्या सासऱ्याले," ती मला म्हणाली. "नाही आहे किडा. काल वरच्या अंगाचं सारं शिवार असंच पाह्यलं यानं. ऐकतच नाही."

"मामाजी," मी हाक मारली. "उघडली! आपली पानं उघडली!"

त्यांनी मान वर केली नाही. "किती बांध्या?"

"तीन. वरच्या दोन गेल्या."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पुढची चूड फाकवली. धानाच्या पात्यांनी त्यांच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल ओरखडे उठले होते. स्वतःचं शेत पाहायला ते अजून गेलेच नव्हते. त्यांची पाळी शेवटी.

मी केशरबाईकडे वळले. "त्या दिवशी मी बोलले ते माझं चुकलं," मी म्हणाले. ती हं म्हणाली. नीट माफ केल्यासारखं नव्हतं ते, पण मला तेवढंच मिळणं रास्त होतं.

"तिकडच्या कोनट्यातून तू धर," मामाजी आतून म्हणाले. "बूड पाह्यजो. पान नको पाहू."

मी चपला काढल्या आणि बांधीत उतरले. पाणी गार होतं.